बोटभर जागा

फार पूर्वी, जिथे ढग दाराशी येऊन बसायचे अशा एका डोंगरावर एक गाव होतं. गावाचं पाणी समोरच्या कड्यावर आणि मध्ये खोल, अरुंद घळ. घळीच्या तळाशी एक छोटी वाडी होती. तिथे ऊन फक्त भर दुपारी उतरायचं. तेवढ्याच उन्हात वाडीची भाजी पिकायची, तान्ही बाळं शेकायची.

गावानं दगडी पूल बांधायचं ठरवलं, तेव्हा वाडीतली माणसं वर आली. "पूल बांधा, पण आमचं ऊन झाकू नका."

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याची सून त्याच वाडीतली. काच ओतण्यात तिचा हात चांगला होता. ती म्हणाली, "मी काचेचा पूल करते. ऊन आरपार जाईल."

पाटील हसले. "बांगडीवर चालायचं होय? बरं, करून बघ. दोनदा फुटला तर मग दगडच."

सुनेनं दोन जाड फरश्या ओतल्या, राखेत हळूहळू निवू दिल्या. एक लावायला, एक जपून ठेवायला. गवंड्यानं पहिली दगडी खाचेत ठोकून बसवली. त्याच्या सांध्यात केस शिरत नसे, अशी त्याची ख्याती होती. दुपारी ऊन चढलं आणि फरशी तडकली.

"पोरी, काच कच्ची निघाली."

"काच पक्की आहे, मामंजी. उन्हात ती फुलते. तिला अंग पसरायला जागाच नव्हती. दुसरी लावताना कडेला बोटभर जागा सोडा, खाली लोकर घाला."

"माझ्या कामात फट? लोक हसतील गं."

सुनेनं घळीकडे बोट दाखवलं. खाली वाडीत केव्हाचा अंधार झाला होता. म्हातारा बराच वेळ तिकडे बघत राहिला.

सकाळी त्यानं खाचेत लोकर अंथरली, पाळण्यात अंथरावी तशी. बोटभर जागा सोडून दुसरी फरशी अलगद ठेवली.

"गवंडीबुवा, हात थरथरतात वाटतं! फटीतून शेळी जाईल की!" बघायला जमलेले लोक हसले.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. दुपार झाली. फरशी किंचित कुरकुरली, लोकरीत जराशी पसरली आणि शांत झाली. म्हातारा चालत मधोमध गेला आणि तिथेच मांडी घालून बसला. त्याच्यामागून घागरी निघाल्या.

खाली ऊन उतरलं होतं. सुनेच्या आईनं डोळ्यांवर हात धरून वर हाक मारली, "अगं, तुझे सासरे आभाळात बसलेत की!"

तात्पर्य: नाजूक दिसणाऱ्यातही मोठं बळ असतं; पण त्याला आवळून धरू नये, हलायला थोडी जागा द्यावी.