दोन रथशाळा आणि एक गाडी

पूर्वी अंगदेशात चंपा नगरीवर दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव नंदिमित्र. लाकडाची पारख त्यांना उपजतच होती आणि मनात एक, ओठांवर दुसरे असे त्यांच्याकडून कधी होत नसे. म्हणून राजाने त्यांना यानपरीक्षक नेमले. त्यांचा शिक्का उमटल्याशिवाय कोणतीही नवी गाडी वेशीबाहेर पडत नसे.

त्या नगरीत दोन मोठ्या रथशाळा होत्या. पूर्ववेशीजवळची वरुणदत्ताची. तिथल्या गाड्या जड, रुंद चाकांच्या. नदीकाठच्या गाळातही त्या रुतत नसत. पश्चिमवेशीजवळची विपुला नावाच्या विधवेची. पतीच्या मागे तिनेच ती नावारूपाला आणली होती. तिच्या गाड्या हलक्या आणि अरुंद. घाटाच्या वळणावर त्या शेळीसारख्या चढत.

एके वर्षी डोंगरापलीकडच्या वेणुप्रदेशात दुष्काळ पडला. लोक झाडांच्या साली उकडून खाऊ लागले. राजाने तिकडे पाचशे गाड्या धान्य पाठवायचे ठरवले. नव्या गाड्या बांधणे भाग होते. तेव्हा कालहस्ती नावाचा अमात्य म्हणाला, "महाराज, दोन रथशाळा हव्यात कशाला? दोन्हींची एक करावी. एवढी मोठी रथशाळा साऱ्या जंबुद्वीपात नसेल. काम दुप्पट वेगाने होईल आणि आपली कीर्ती समुद्रापर्यंत जाईल."

राजा हरखून गेला. वरुणदत्ताने मान डोलावली. विपुलेनेही हात जोडले. नगरात तोरणे लागली.

कालहस्ती बोधिसत्त्वांच्या घरी आला आणि म्हणाला, "नंदिमित्रा, एकीकरणाच्या लेखावर तुझा शिक्का उमटव. नव्या रथशाळेचा मुख्य तुलाच करतो."

बोधिसत्त्व म्हणाले, "अमात्य, मी गाडीवर शिक्का मारतो तो गाडी चालवून पाहिल्यावर. दोन्हीकडच्या कारागिरांनी मिळून आधी एक गाडी करावी. ती भरलेली गाडी वेशीबाहेरची टेकडी चढली, तर शिक्का तुमचाच."

राजाने सात दिवस दिले. पहिले तीन दिवस मोजमापाच्या वादातच गेले. दोन्ही घराण्यांचे माप आपापल्या मूळपुरुषाच्या हातावरून ठरलेले. विपुलेकडचा मूळपुरुष ठेंगणा होता, म्हणून तिथला हात दोन बोटे आखूड. अखेर चाके विपुलेकडची घ्यायची आणि आस वरुणदत्ताकडचा, असे ठरले. जाड आस चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या भोकात, शिरेना, तेव्हा तो तासून बारीक केला.

सातव्या दिवशी ती गाडी झेंडूच्या माळा घालून उभी केली. धान्याची पोती चढली. राजा, अमात्य आणि सारे नगर टेकडीच्या पायथ्याशी जमले. बैल निघाले, वाद्ये वाजली. पहिल्याच वळणावर तासलेला आस काडकन मोडला. गाडी कलंडली आणि पोती उतारावरून गडगडत राजाच्या पायांपर्यंत आली.

वाद्ये थांबली. कालहस्ती घाईने म्हणाला, "एवढ्या तेवढ्याने काय होते? उद्या दोन्हीकडचे माप एक करू."

"माप उद्या एक होईल," बोधिसत्त्व म्हणाले, "पण हातांची सवय बदलायला पिढी जाते. वेणुप्रदेशातली लेकरे तोवर थांबतील का?"

राजाचा चेहरा लाल झाला. तो रथशाळांच्या धन्यांकडे वळला. "तुम्हाला हे ठाऊक नव्हते?"

विपुला पुढे झाली. "ठाऊक होते, महाराज. पहिल्या दिवसापासून शंका होती."

"मलाही होती," वरुणदत्त खाली मान घालून म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"आपण फार आनंदात होता, महाराज," विपुला म्हणाली. "आणि मी नाही म्हटले असते, तर सारे काम यांना गेले असते."

"मलाही हेच भय होते," वरुणदत्त म्हणाला.

राजाने वाकून एक पोते स्वतः उचलले. "नंदिमित्रा, आता मार्ग सांग."

"महाराज, दोघांना आपापल्या जागी राहू द्या. नदीकाठची वाट वरुणदत्ताच्या गाड्यांनी कापावी. घाटाच्या पायथ्याशी धान्य उतरवून विपुलेच्या गाड्यांत भरावे. मुख्यपद मला नको. मला गाड्यांबरोबर जाऊ द्या."

त्या दिवसापासून दोन्ही वेशींवर घणांचे आवाज थांबले नाहीत. वरुणदत्ताने आपले मुरवलेले सागवान विपुलेला दिले; विपुलेने आपले लोहार त्याच्याकडे पाठवले. कोणी आज्ञा केली नव्हती. विसाव्या दिवशी तांडा निघाला. गाळातून जड गाड्या हत्तींसारख्या पार झाल्या. घाटात हलक्या गाड्यांची रांग ढगांत शिरली आणि पलीकडे उतरली. अकरा गाड्या वाटेत मोडल्या. बोधिसत्त्वांनी कारागिरांसह त्या तिथेच दुरुस्त करून पुन्हा चालत्या केल्या. पाचशे गाड्यांतले एकही पोते मागे राहिले नाही.

तांडा वेणुप्रदेशात पोहोचला त्या दिवशी गावोगावच्या चुली पेटल्या. माणसे धावत आली आणि धुळीने भरलेल्या चाकांना हळद-कुंकू लावू लागली. तांडा परतला तेव्हा राजा सोन्याच्या रथातून उतरला आणि बोधिसत्त्वांशेजारी एका रिकाम्या गाडीत बसून नगरात शिरला. दोन्ही बाजूंनी लाह्या उधळल्या जात होत्या. विपुला आणि वरुणदत्त पुढे बैल हाकत होते, आणि कालहस्ती तुतारीवाल्यांमागून पायी चालत, सर्वांबरोबर जयजयकार करीत होता.

ही पूर्वजन्मीची हकीकत आपल्या शिष्यांना सांगून शास्ते, म्हणजे पुढे बुद्ध झालेले तेच बोधिसत्त्व, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालहस्ती म्हणजे आज दोन विहार घाईने एक करू पाहणारा भिक्षू उदुंबर. वरुणदत्त म्हणजे स्थविर सोमपाल आणि विपुला म्हणजे उपासिका सुगंधा. राजा दृढवर्मा म्हणजे हा विहार बांधून देणारा गृहपती आणि यानपरीक्षक नंदिमित्र तो मीच होतो."

साऱ्या नगराला होकार हवा असताना बोधिसत्त्वांनी जे पाळले, त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.