गुरुवारची उसवण

आमच्या वाचनालयात आम्ही काही जणी दर गुरुवारी एक कथा उसवतो. शिवण शिकताना जुना ब्लाउज उसवून कट बघतात ना, अगदी तसंच. त्या जोरावर मीही दोन-तीन कथा लिहिल्यात. घरचे अजून माझ्याशी बोलतात.

वार्षिक कार्यक्रमाला नामवंत कथाकार बल्लाळ सर आले आणि आमचा उद्योग ऐकून भडकलेच. "कथेची चिरफाड? अहो बाई, कथा आतून यावी लागते! मी तर दुसऱ्याचं एक अक्षर वाचत नाही. बंद करा हे!"

कार्यवाह चौगुलेकाकांनी लगेच मान डोलावली. आमची गुरुवारची खोली गेलीच म्हणायची.

मी हात वर केला. "पटलं, सर. काका, मग दाराशी सरांच्या नव्या कथासंग्रहाचं टेबल मांडलंय, तेवढं उचलायला सांगा. उगाच कुणीतरी वाचून बसायचं."

हशा पिकला. सर खाकरले. "तसं नव्हे. माझ्या कथा वाचायला हरकत नाही."

"उसवून?"

सरांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"उसवा की दर गुरुवारी! फक्त प्रत्येकीनं आपापली प्रत घ्या."