चपलांची जागा

“आता आणखी कुठलं चित्र लावायचं राहिलंय, गुरुजी? तेवढं सांगा.”

वैजयंती वर्गात येरझाऱ्या घालत होती. तांडेल गुरुजी पहिलीच्या चिमुकल्या बाकावर कसेबसे टेकले होते. तिला मुळाक्षरं गिरवायला शिकवली ती त्यांनीच. म्हणून तर शनिवारची शाळा चालू असताना तिने म्हाताऱ्याला घरून बोलावून आणलं होतं.

भिंतीवर बोटभर जागा उरली नव्हती. हात धुणारा ससा, रांगेतली बदकं, बोलण्याआधी हात वर करणारं माकड... सगळं तिने सुट्टीभर बसून रंगवलेलं. तिला त्याचा केवढा अभिमान!

आणि दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग.

“दारावर चपलांचंही चित्र आहे. रोज दाखवते. रोज ‘हो बाई’ म्हणतात आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी.” तिचा आवाज चिरकला. “मला नाही जमणार हा वर्ग. सोमवारी मोठ्या बाईंना सांगते, दुसऱ्या कुणाला द्या.”

गुरुजी दाराबाहेरच्या ढिगाकडे पाहत होते.

“बोला ना काहीतरी.”

“खडू दे. आणि दाराबाहेर उभी राहा.”

ती जाऊन उभी राहिली. गुरुजी गुडघ्यावर हात टेकत तिच्या पुढ्यात बसले आणि तिच्या पायांतल्या सँडलभोवती खडू फिरवू लागले.

“अहो, हे काय करताय? उठा!” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतका वेळ वर्गात कल्ला करणारी पोरं दारात गोळा झाली.

“ही जागा कुणाची?” एका मुलीने विचारलं.

गुरुजींनी वैजयंतीकडे पाहिलं...

चपला मुलांनी काढायच्या, शिक्षकांनी नाही, हा शाळेचा जुनाच रिवाज. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र कान गरम झाले. तिने सँडल काढले, रेघेच्या आत ठेवले आणि अनवाणी वर्गात आली. फरशीवरची वाळू तळव्यांना टोचली.

त्या मुलीने ढिगातून आपल्या चपला ओढल्या आणि बाईंच्या सँडलशेजारी ठेवल्या. मग दुसरीने. एकाने तर उलटसुलट ठेवल्या, पण रांगेत.

वैजयंतीला कुठला धीर धरवतोय?

“गुरुजी, सगळ्यांच्याच खुणा काढून टाकू? ऑइलपेंटने? कायमच्या राहतील.”

गुरुजींनी हातावरचा खडू झटकला.

“हा संध्याकाळपर्यंत पुसला जाईल. जाऊ दे,” ते म्हणाले. “सोमवारी तू मुलांच्या आधी ये.”