बयजानं राजाचा नगारा थांबवला

या, पांघरुणात शिरा. पाय आत घे गं. आणि मधे कोणी बोलायचं नाही, बरं का. का, ते गोष्टीतच कळेल.

एकदा काय झालं, डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावाखाली खोल दरी, आणि दरीत राहायची धुकेबाई. पांढरीफटक, केस पार टाचेपर्यंत. वाटेनं एकटंदुकटं माणूस दिसलं, की त्याला पदराखाली घ्यायची आणि खाली न्यायची. मग बसायची आपली वेणी घालत. वेणीची शेवटची गाठ पडली, की त्या माणसाचा दगड! पांढरा दगड.

मग गाव काय करायचं? गाव गप्प बसायचं. हो, गप्प! जातं थांबायचं, मुसळ थांबायचं, गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून ठेवायचे. धुक्यात काही दिसतं का? नुसतं ऐकू येतं. खाली अडकलेलं माणूस हाक मारायचं, आणि ती हाक ऐकायची गावातली बयजा. काकणांना फडकं गुंडाळायची, पालथी पडायची आणि जमिनीला कान लावायची. हाक आली की नुसतं बोट दाखवायची. मग गावातलाच हणमा त्या बोटाच्या दिशेनं दोर घेऊन उतरायचा आणि माणूस वर आणायचा.

ही गोष्ट गेली राजाच्या कानी. राजा तसा वाईट नव्हता हो, पण मिरवायची भारी हौस! त्यानं दवंडी पिटली, "जो हरवलेलं माणूस आणील, त्याला घुंगरांचा सोन्याचा तोडा. आम्ही जातीनं येऊ, वाजतगाजत देऊ."

पहिल्या वर्षी एक गुराखी हरवला. हणमानं त्याला वर आणला. मग राजा आला, नगारा वाजला, हणमाला तोडा मिळाला. सगळे खूश.

दुसऱ्या वर्षी राजाचाच एक शिपाई हरवला. राजाला दम निघेना. शोध चाललेला असतानाच तो येऊन पोचला. नगाऱ्याच्या गोंगाटात बयजाला हाक ऐकू आली ती फार उशिरा. शिपाई वाचला, पण शेवटची गाठ अर्धी पडलीच होती, म्हणून त्याचा डावा हात कोपरापर्यंत दगड झाला. बयजानं राजाला तोंडावर सांगितलं, "हे तुमच्या नगाऱ्यामुळे झालं." राजा हसला. म्हणाला, "वेडी आहे बाई."

तिसऱ्या वर्षी काय झालं, कोकणातून एक मीठवाली घाट चढून आली. बरोबर तिची लेक सारजा, एवढीशी, तुझ्याएवढी. वाटेत आईचा हात सुटला आणि सारजाला धुकेबाईनं नेलं. गाव गप्प झालं. बयजा पालथी पडली. आणि इतक्यात ढुम ढुम ढुम! राजा तोडा द्यायला आधीच आला होता. यंदा हत्तीही आणला होता, घंटांसकट.

बयजा उठली. नगारेवाल्याला म्हणाली, "बंद कर." त्यानं राजाकडे पाहिलं आणि आणखी जोरात बडवला. मग बयजानं कमरेचा विळा काढला आणि नगाऱ्याचं चामडं टर्रकन फाडलं!

राजा ओरडला, "कोणाची पोर हरवलीय एवढी?"

"मीठवालीची," बयजा म्हणाली.

"अगं, मग एवढा थयथयाट कशाला? पकडा रे हिला!"

बयजा जागची हलली नाही. "पकडा खुशाल. पण तोंड मिटून पकडा. खाली लेकरू हाक मारतंय आणि तुम्ही सगळे बोंबलताय. राजेसाहेब, तुम्हीसुद्धा! गप्प बसा!"

राजाला गप्प बस म्हणाली! ऐकलंत ना?

शिपाई पुढे आले. त्यांत तो दगडी हाताचा शिपाईही होता. त्यानं बयजाकडे पाहिलं, खाली बसला आणि पायांतले नाल ठोकलेले जोडे काढले. मग दुसऱ्यानं काढले. मग सगळ्यांनीच. माहुतानं हत्तीच्या घंटा मुठीत धरल्या. आता आवाज उरला एकच, राजाच्या पागोट्यावरचा मोत्यांचा तुरा, किण किण किण. मीठवाली नुसती राजाकडे बघत राहिली. राजानं मान खाली घातली आणि तुरा गच्च धरला.

मग आली हाक. अगदी बारीक. "आये..."

बयजानं बोट केलं. हणमा सरसर उतरला. धुकेबाई शेवटची गाठ मारतच होती, तेवढ्यात त्यानं पोरगी ओढली. वेणी सुटली, केस भुरभुर उडाले आणि धुकं फाटलं. सारजा वर आली. म्हणाली, "भूक लागली." आईनं आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून जी रडली, जी रडली!

राजानं तोडा काढला. "बयजा, पुढे ये. हा तुझा."

"हलवून दाखवा बरं," बयजा म्हणाली.

राजानं हलवला. छुम छुम छुम.

"हा घालून मी ऐकू कशी? आणि मी एकटीनं काय केलं? हणमा खाली उतरला. ह्या सगळ्यांनी श्वास धरला. गावच्या कुत्र्यांनीसुद्धा भुंकणं गिळलं. कोणाकोणाला घालाल तोडा?"

"मग देऊ तरी काय?"

"गप्प बसायचं वचन द्या. धुकं उतरलं की तुमचा नगारा बंद, चौघडा बंद, दरबार बंद. पोर मीठवालीची असो नाही तर तुमची."

राजानं मिशी चावली. खूप वेळ चावली. मग वाकला आणि स्वतःच्या हातानं पायातले जोडे काढले.

तेव्हापासून धुकं उतरलं की राजवाड्यात कोणी खोकतसुद्धा नसे. राजा अनवाणी बसे. परमुलखाच्या राजाचा वकील आला तर हळूच विचारी, "कोणी गेलं का हो?" राजा त्याच्या कानाशी सांगे, "कोणी जाऊ नये म्हणून बसलोय. आमच्याकडे याहून मोठा मान नाही." आणि दरीत पुन्हा एकही नवा दगड झाला नाही. सारजा मोठी झाली, गाव सुखानं नांदलं, राजाही नांदला.

आता डोळे मिटा. हूं की चूं नको. बाहेर कोणी हाक मारली, तर आपल्याला ऐकू यायला हवी.