करपलेल्या नानकटाईची नोंद

मिरजेची जुबेदा मुजावर नानकटाई भाजून विकायची. मोठ्या भट्टीसाठी कर्ज मागायला ती तीन वर्षांची हिशेबवही घेऊन बँकेत गेली. मॅनेजर परचुऱ्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"स्वतःच लिहिलेला नफा! बाई, असल्या वह्या एका दिवसात तयार होतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

जुबेदाने एक पान उघडून पुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, 'दुपारी डुलकी लागली. चार ट्रे करपले. नुकसान सहाशे रुपये.'

"साहेब, खोटंच लिहायचं असतं, तर माझी डुलकी कशाला लिहिली असती?"

रांगेतली माणसं हसली. परचुरे ओशाळले. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली आणि कर्जाचा अर्ज स्वतःच तिच्यापुढे सरकवला.