ठसा घाटापलीकडे गेला

खूप जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची बाई लाकडी ठशांनी लुगड्यांवर नक्षी छापायची. ती माल छापून साठवत नसे. गिऱ्हाइकानं नक्षी पसंत केली की मगच कामाला लागायची. त्यामुळे तिच्या घरी न खपलेलं लुगडं कधी पडून राहत नसे.

एकदा घाटापलीकडून धाकलू नावाचा माणूस आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला बहाव्याच्या फुलांचं लुगडं हवं होतं. पण छापून, वाळवून, धुऊन लुगडं तयार व्हायला बरेच दिवस लागत. तेवढं थांबणं धाकलूला जमणार नव्हतं, आणि मागाहून पाठवायचं तर घोडेवाला घाट चढायचं भाडं लुगड्याहून जास्त मागत होता.

शेजारचा कापडव्यापारी सगुणाला बाजूला घेऊन म्हणाला, "पोचवणी फुकट म्हणून सांग. भाडं लुगड्याच्या किमतीत घाल, वर कापड विरळ घे, हातभर कमी घे. एवढा घाट उतरून भांडायला कोण येतंय?"

सगुणानं ते ऐकून घेतलं आणि धाकलूला खरं ते सांगितलं, "दादा, लुगड्यापेक्षा भाडंच जास्त पडेल. तुम्हाला परवडायचं नाही."

धाकलू पागोटं सावरून निघाला. तो वळणापर्यंत गेला तोच सगुणानं हाक मारली.

"तुमच्याकडं कापड छापणारं कोणी आहे?"

"लखमोजी म्हणून एक म्हातारा आहे. हात चांगला आहे त्याचा, पण ठसे पार झिजलेत."

सगुणा आत गेली. बहाव्याचा ठसा तिच्या वडिलांनी कोरलेला, तसा दुसरा नव्हता. तो हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मग फडक्यात बांधून तिनं तो धाकलूच्या झोळीत ठेवला. "लखमोजींना म्हणावं, छापायची मजुरी तुमची. नक्षीबद्दल वाटेल ते मला द्या. रंग कसा कालवायचा तेही सांगते, नीट ध्यानात ठेवा."

"ठसाही गेला आणि धंदाही," व्यापारी म्हणाला. पावसाळा सरला तरी निरोप आला नाही, तेव्हा सगुणालाही तसंच वाटू लागलं.

दिवाळीनंतर लखमोजी स्वतः घाट उतरून आला. त्यानं ठसा तिच्यापुढे ठेवला, शेजारी तिचा वाटा ठेवला.

"लग्नात ते लुगडं बघून गावोगावच्या बायका माझ्या दारात आल्या," तो म्हणाला. "छापता छापता उशीर झाला. ठसे झिजल्यापासून माझे हात रिकामे होते, बाई. तू ओळखदेख नसताना मला काम दिलंस. अजून ठसे देशील?"

सगुणानं ठशांची सगळी फळी त्याच्यापुढे मोकळी केली. पुढं तिचे ठसे असेच चारी दिशांच्या कारागिरांकडे गेले. लुगडी गावोगावी तिथल्या तिथं छापली जाऊ लागली, भाड्याचा भार कुणावर पडेना, आणि प्रत्येक ठिकाणाहून सगुणाचा वाटा न मागता येत राहिला.

तात्पर्य काय, तर गिऱ्हाइकापासून खर्च लपवण्यापेक्षा तो कमी करायची वाट शोधावी. आणि आपली कला विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिली, तर ती आपण पोचू शकत नाही तिथंही पोचते.