हिंदुराव पैलवानाची कंबर

“...पण जाणार कवा हे दुखणं? तेवढं सांगा, वस्ताद.”

हिंदुरावानं हे कितव्यांदा विचारलं, ते दस्तगीर वस्तादांनी मोजायचं सोडून दिलं होतं. माणूस ऐकून तरी किती ऐकणार.

पैलवानाची कंबर कैक वर्षं दुखत होती. डॉक्टर झाले, वैद्य झाले, हाडं बसवणारे झाले. वस्तादांनंतर तालीम त्यानंच चालवायची असं ठरलेलं. आणि हा म्हणे, कंबर बरी झाल्याशिवाय कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवणार नाही. तालमीतली पोरं वाट बघून कंटाळली होती.

“परवा या कंबरंची चांगली जिरवली,” हिंदुराव म्हणाला. “घाम निथळंस्तोवर बैठका मारल्या.”

“मग?”

“मग काय... कालपत्तुर खाटंवर.”

वस्तादांनी कपाळाला हात लावला.

हिंदुराव भडकला. “तुमास्नी काय कळणार? तुमचं कवा काय दुखलंय?”

गुरूला असं बोलू नये. पण दुखणारा माणूस एवढं कुठं बघतो.

वस्ताद भिंत धरून उठायला गेले. गुडघ्यांनी परत खाली बसवलं. पुन्हा उठले. मग काठावरून घसरत घसरत हौद्यातल्या तांबड्या मातीत उतरले.

हिंदुराव बघतच राहिला. वस्ताद सगळ्यांच्या आधी तालमीत यायचे, भिंतीशी बसूनच शिकवायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. त्यांना उठता-बसताना कुणी पाहिलंच नव्हतं.

“ये हिकडं.”

तो कुरकुरत उतरला.

कुस्ती धरायच्या आधी पैलवान समोरच्याच्या अंगाला माती लावतो. वस्तादांनी मूठभर माती घेतली आणि हिंदुरावाच्या कमरेला चोळली.

“हे औषध व्हय?”

“माती हाय. गप ऱ्हा.”

...

“रोज पहाटं हितं कुणासंगं लढायचास?” वस्तादांनी विचारलं.

“सदबासंगं. जोडीदार माझा.”

“जिंकलं कोण?”

हिंदुराव वैतागला. “तालमीतल्या लढतीला कोण जिंकतंय, वस्ताद? निकाल मैदानात. हितं निस्तं रोज धरायचं, सोडायचं...”

वस्तादांनी त्याच्या मातीनं माखलेल्या कमरेवर थाप मारली.

हिंदुरावाचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला.

“आन् एखाद्या दिवशी हिनंच मला पाडलं तर?”

“पाडंल की. दुसऱ्या दिवशी यायचं.”